आज बुढीजवळ कोण बसणार?

गेल्या वर्षी सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर वाशिम तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांची बैठक घेतली. विषय होता मजुरीच्या दराचा. वीस-बावीस जणी जमल्या होत्या. त्यांतली एक काही केल्या आत येऊन बसेना. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि नजर सारखी गल्लीत. मध्येच उठून जायची, पाच मिनिटांनी परत यायची. आमच्यातल्या एकीने जरा रागानेच विचारले, "बाई, बैठकीला आलात की पाहुणचाराला?" तेव्हा शेजारणीनेच सांगितले, की तिची सासू "भरमली" आहे. घरातून निघते आणि चालत सुटते. तिच्या जन्मगावाचा रस्ता तिला आठवतो, सासरचे घर मात्र आठवत नाही. रात्री ही बाई आपल्या पदराचे टोक सासूच्या पदराला गाठ मारून निजते. बुढी उठली की पदर ओढला जातो आणि हिला जाग येते. असे चार वर्षांपासून चालले आहे.

आम्ही तिला विचारले, तुला काय पाहिजे? औषधाची सोय, पैशाची मदत, काय? ती म्हणाली, "दवा नोको, पैसा नोको. मले येक दिवस पोटभर निजू द्या."

मैत्रिणींनो, या अंकाचे संपादकीय त्या एका दिवसाबद्दल आहे.

या आजाराला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. म्हातारचळ, भ्रम, बाहेरचे लागणे, आणि साठी बुद्धी नाठी ही म्हण तर आहेच. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. अल्झायमर हा त्याचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. पण नावात स्मृती आली म्हणून हे केवळ विसरणे आहे असे समजू नये. माणूस आधी चष्मा विसरतो, मग जेवण झाल्याचे विसरतो, मग लेकीचे तोंड विसरतो. पुढे कपडे कसे घालायचे, संडासला कुठे जायचे, घास कसा गिळायचा हेही जाते. संध्याकाळ झाली की बेचैनी वाढते. कुणी दागिने चोरल्याचा आळ घेतो, कुणी अंगावर धावून जातो. हे वर्षानुवर्षे चालते. थायरॉईडचा दोष, बी-१२ ची कमतरता, उदासीनतेचा आजार, डोक्याला मार, यांनीही अशी लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून आधी दवाखान्यात दाखवलेच पाहिजे. देवऋषीकडे घालवलेले सहा महिने परत येत नाहीत.

हा शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा आजार आहे, असा एक समज आमच्या कार्यकर्त्यांतही होता. तो खोटा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीच्या पुढच्या शंभरातल्या सात-आठ भारतीयांना हा आजार आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के निघाले, खेड्यात ८.४ टक्के. पुरुषांत ५.८ टक्के, बायकांत ९ टक्के. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात तो जास्त दिसतो. तेव्हा मानोऱ्याचा तांडा, रिसोडची वाडी आणि मालेगावची वस्ती या आकड्यांच्या बाहेर नाहीत, चांगल्या आत आहेत. फरक इतकाच, की तिथे त्याला आजार म्हणत नाहीत. आणि आजार म्हटले नाही, की सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही काम म्हणायचे कारण उरत नाही.

सांभाळते कोण, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. नवऱ्याला आजार झाला तर बायको. सासू-सासऱ्यांना झाला तर सून. सून शेतात किंवा पुण्या-मुंबईला कामावर असेल तर टाकलेली, विधवा झालेली किंवा लग्न न झालेली लेक. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्क्यांनी घरातल्या माणसांची देखभाल केल्याचे नोंदले आहे, पुरुषांपैकी २१.४ टक्क्यांनी. ज्या बायका हे करतात त्यांची रोजची १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ७४. आकडे बोलके आहेत, पण पदराला गाठ मारून निजणाऱ्या बाईची रात्र कोणत्या रकान्यात बसवायची? भाकरी थापताना एक डोळा दाराकडे ठेवणे, नळावर जाताना बाहेरून कडी लावावी की नाही याची धाकधूक, हे काम कुठल्याच घड्याळात मावत नाही. लहान मुलाला सांभाळणेही कष्टाचेच, पण मूल उद्या थोडे मोठे होणार असते. इथे प्रत्येक दिवस कालच्यापेक्षा अवघड होत जातो आणि शेवटी मरणाखेरीज सुटका नसते. "मग सुटका व्हावी असे वाटते का?" हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि ज्या बाईला रात्री तीन वाजता तसे वाटून गेले ती जन्मभर स्वतःला पापी समजते.

अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे बरे नाही, म्हणून इथेच सांगते. एका पासष्टीच्या बाईने आम्हाला विचारले होते, की उभा जन्म ज्या माणसाने मारले, तो आता मला ओळखत नाही, पण मारतो मात्र तसाच. आधी दारूच्या नावाने सहन केले, आता आजाराच्या नावाने करू का? तिच्यावर या वयात संशयही घेतला जात होता. डॉक्टर सांगतील की असा संशय हे आजाराचे लक्षण आहे, आणि ते बरोबर आहे. पण तिच्या पाठीवरचे जुने वळ काही लक्षण नव्हते. आपली चळवळ तिला काय उत्तर देते? सेवा कर, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला रस्त्यावर टाक, असेही म्हणणार नाही. त्या माणसाला अन्न, स्वच्छता आणि सुरक्षितता मिळाली पाहिजे, पण ती देण्याचे काम तिच्यावरच का, एवढा प्रश्न तिच्या बाजूने उभे राहून मोठ्याने विचारणे आपल्या हातात आहे. तसेच छळलेल्या सुनांचे. आणि हेही विसरायचे नाही, की या आजारात सापडलेल्यांत बायकाच जास्त आहेत. ज्या बुढीच्या मागे सून धावते, ती बुढी स्वतः चाळीस वर्षे दुसऱ्या कुणाच्या तरी मागे धावलेली असते. एकीला विसावा मिळावा म्हणून दुसरीला खोलीत कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे, गुंगीच्या गोळ्या देऊन निजवणे, यात आपल्या कुणाचाच विजय नाही.

कायदा काय म्हणतो? २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यातल्या 'अपत्य' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून नाही. म्हणजे जबाबदारी कायद्याने लेकाची आणि काम रिवाजाने सुनेचे. २०१९ साली दुरुस्तीचे विधेयक आले, त्यात सून आणि जावई यांना 'अपत्यां'त घेण्याचा प्रस्ताव होता. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर ते संपले. आम्हाला त्याचे फारसे दुःख नाही. सून कायद्यात आली असती ती कर्तव्य म्हणून आली असती. तिच्या झोपेबद्दल, तिच्या बुडालेल्या मजुरीबद्दल, सातबाऱ्यावर तिचे नाव लागण्याबद्दल त्यात शब्द नव्हता.

आता विसाव्याकडे येऊ. बाईने फुरसत मागितली की लोकांना हसू येते. आपल्यातल्याही कित्येकींना वाटते, की हिंसा, हुंडा, पाणी, मजुरी हे प्रश्न असताना आरामाचा प्रश्न म्हणजे चैन. पण आपल्या आज्या-पणज्यांना हे हसू आले नसते. त्यांच्या काळी बाईचा विसावा पंचांगात लिहिलेला होता. दिवाळीला मुराळी यायचा, लेक माहेरी जायची, आठ-पंधरा दिवस तिच्या हाती कुणी केरसुणी देत नसे. भुलाबाईच्या दिवसांत, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, वऱ्हाडात पोरी-बाळी संध्याकाळी जमायच्या, गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायच्या. त्या गाण्यांत सासरचे सगळे जाच मोकळेपणी बोलून घेता येत. तो काही सुवर्णकाळ नव्हता. माहेरपण सर्व जातींच्या, सर्व बायकांच्या वाट्याला सारखे आले नाही, मजूर बाईला तर फारच थोडे. आणि लेक माहेरी आली की तिथली भावजय राबायची. पण एक गोष्ट त्यात होती. विसावा ही बाईची लहर मानली जात नव्हती. न्यायला येणारा माणूस ठरलेला होता, दिवस ठरलेले होते, आणि सासरच्यांना तेवढे दिवस तिच्यावाचून चालवून घ्यावे लागत होते.

भरमलेल्या माणसाच्या घरात नेमके हेच तुटते. मुराळी आला तरी ती निघणार कशी? भाऊबीज फोनवर होते. आईच्या तेराव्याला सकाळी जाऊन दुपारी परतलेल्या बाया आम्हाला ठाऊक आहेत. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर २०२२ पासून प्रवास फुकट. फार चांगले झाले. फक्त ज्या बाईला नाक्यापर्यंत जाता येत नाही तिला अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय, हे परिवहन खात्याला विचारून भागणार नाही.

त्यात अपराधीपणाची भर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ चा चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्यात मुलगी वडिलांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खरेदीला उतरते आणि तेवढ्यात ते हत्तीच्या मागे निघून जातात. शिकलेल्या, सोय असलेल्या घरातल्या बाईलाही ती काही मिनिटे आयुष्यभर टोचतात. आमच्या गावातल्या बाईला तर सगळा गाव टोचायला तयार असतो. लेक दोन महिन्यांनी पुण्याहून येऊन आईच्या हातात सफरचंदांची पिशवी ठेवतो, त्याचे कौतुक होते. सून एक तास शेजारी टेकली तर बुढीला वाऱ्यावर सोडले म्हणतात. आणि अगदीच कौतुक करायचे ठरले तर तिला आदर्श सून म्हणून नारळ आणि साडी देतात. त्या सत्काराच्या दिवशी तरी बुढीजवळ कोण बसले होते, हे आम्हाला नेहमी विचारावेसे वाटते.

हा प्रश्न बायकांनी दुसरीकडे कसा लढवला ते पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये १९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेची एक कादंबरी आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. गोष्ट साधी. नोकरी करणारी सून, भ्रम झालेला सासरा, आणि "पुढे मलाही असेच होईल का" या काळजीत बसून राहणारा, पण हात न लावणारा नवरा. घराघरांतली गोष्ट पहिल्यांदा चारचौघांत आली. पुढे १९८३ मध्ये केइको हिगुची यांच्या पुढाकाराने बायकांची संघटना उभी राहिली. म्हाताऱ्यांचे करणे हे सुनेचे काम नसून समाजाचे काम आहे, ही तिची भूमिका. देखभालीचा विमा कायदा होऊ लागला तेव्हा मोठा वाद झाला, की घरी सांभाळणाऱ्यांना रोख पैसे द्यावेत का. ऐकायला हे बायकांच्या हिताचे वाटते. पण तिथल्या बायकांच्या संघटनांनी विरोध केला. रोख पैसे मिळाले की घरचे म्हणतील, आता तुला पगार मिळतो ना, मग बस घरात. आम्हाला पैसे नकोत, आम्हाला मोकळे करणारी माणसे आणि जागा द्या, असे त्यांचे म्हणणे. २००० साली कायदा लागू झाला. चाळिशीच्या पुढच्या सर्वांनी हप्ता भरायचा आणि त्यातून दिवसाची केंद्रे, घरी येणारे मदतनीस, काही दिवस रुग्णाला ठेवून घेणाऱ्या जागा मिळवायच्या. तिथेही सगळे आलबेल नाही, कामगारांची टंचाई आहे. तरी सुनेला दुपार मिळाली ती भांडून मिळाली.

इंग्लंडमध्ये आई-वडिलांसाठी नोकरी सोडाव्या लागलेल्या अविवाहित बायकांनी १९६५ मध्ये संघटना केली. १९७६ मध्ये सांभाळणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बायकांना वगळून. का, तर त्या घरीच असतात! आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहित बाईने त्याविरुद्ध दाद मागितली आणि जून १९८६ मध्ये युरोपच्या न्यायालयात ती जिंकली. इतके लांब कशाला, केरळात १९९२ पासून अल्झायमरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी संस्था काम करते आहे. २०१४ मध्ये राज्य सरकारने तिच्याबरोबर 'स्मृतिपथम्' हा कार्यक्रम सुरू केला आणि त्रिशूर जिल्ह्यात कुन्नमकुळम येथे दिवसाचे केंद्र उघडले. सकाळी रुग्णाला सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. मधला वेळ बाईचा.

आपल्याकडे २०२४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. लाडकी बहीण योजनेत महिना दीड हजार रुपये आले, आणि वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्यांना चष्मा-काठीसारख्या साधनांसाठी एकदा तीन हजार. पैसे बायकांच्या हातात आले याचे आम्ही स्वागतच करतो. पण जपानच्या बायकांचा वाद आठवा. दीड हजारात काठी येईल, औषध येईल, दुपार येत नाही. त्याच वर्षी वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तिथे या आजाराच्या तपासणीचा आठवड्यातून एक ठरलेला दिवस असावा आणि रुग्णासोबत आलेल्या बाईलाही "तुम्ही झोपता किती?" असे विचारले जावे, ही मागणी आपण आत्ताच, सगळे बस्तान बसायच्या आधी, लावून धरली पाहिजे. वाशिमहून अकोल्याच्या वाऱ्या पुष्कळ झाल्या.

गावात काय करता येईल? पाळणाघराची आठवण ठेवा. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर मागितले तेव्हाही लोक हसले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर पुढे जाऊन अशी तरतूद केली, की कामावर पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मुले सांभाळणे हे माती खोदण्याइतकेच काम आहे, हे सरकारी कागदावर आले. म्हाताऱ्यांसाठी तेच मागायचे आहे. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो शिलाई मशीन आणि हळदीकुंकवात कसा जातो ते आपण पाहतोच. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठराव मांडा: एक खोली, आठवड्यातून दोन दुपारी, दोन शिकवून तयार केलेली माणसे, आणि त्यांना रोजी. ती माणसे बायकाच असावीत असे नाही. आणि कृपा करून हे काम आशाताईंच्या यादीत आणखी एक म्हणून टाकू देऊ नका. एका बाईची सुटका दुसऱ्या बाईच्या फुकट घामातून होत असेल तर आपण फक्त ओझ्याची जागा बदलली.

खोली मिळेपर्यंत थांबायचे मात्र कारण नाही. त्या बैठकीत मजुरीच्या दराचा विषय मागे पडला आणि कागदावर पाळ्या लिहिल्या गेल्या. गटातल्या चौघी तयार झाल्या, दर गुरुवारी दुपारी एकेक. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "अन् तिचा लेक काय करते? त्याची आई नाही काय ते?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न बरोबर होता. लेकाला बोलावणे धाडले. तो आला, दारात उभा राहिला, म्हणाला, मला बुढीचं करता येत नाही. न्हाऊ-धुऊ घालणे मला कसे जमेल? त्याला सांगितले, न्हाऊ घालू नको. नुसता जवळ बस, पाणी दे, उठली तर सोबत चाल. दोन जणींनी त्याला सगळे समजावले: तिच्याशी वाद घालू नको, घरी जायचे म्हणाली तर हो म्हण आणि गावाला एक चक्कर मारून आण, ती शांत होते. एका गुरुवारची पाळी त्याच्या नावावर लिहिली. तो फार खूश नव्हता.

त्याच्या पाळीच्या दिवशी आमची एक कार्यकर्ती मुद्दाम गावात गेली. दुपारी साडेतीनच्या सुमाराला लेक आणि बुढी मारुतीच्या पाराजवळून चालताना तिला दिसले, बुढी पुढे आणि तो चपला हातात घेऊन मागे. सून शेजारणीच्या घरात चटईवर निजली होती. दिवेलागणीला तिला जाग आली, दचकून उठून बसली आणि पहिला शब्द तोंडातून आला, "बुढीपाशी कोण हाय?"

शेजारणीने लेकाचे नाव सांगितले. तिने जरा वेळ कान देऊन ऐकले, आणि कूस बदलून पुन्हा निजली.